राणी मुंगी दुसऱ्या राज्यात पाठवायची तर

राणी मुंगी दुसऱ्या राज्यात पाठवायला विकणाऱ्याकडे परमिट असलं की झालं, असं म्हटलं जातं. अमेरिकेत गाडी नेमकी इथेच अडते. जिवंत मुंग्या राज्याची हद्द ओलांडणार असतील तर यूएसडीएच्या (अमेरिकी केंद्रीय कृषी खात्याच्या) एफिस या प्राणी-वनस्पती आरोग्य तपासणी विभागाचं पीपीक्यू ५२६ नावाचं परमिट लागतं आणि ते सहसा ज्याच्या हाती पार्सल पडणार, त्याच्या नावावर असतं. म्हणजे दहा राज्यांत दहा गिऱ्हाइकं असतील तर एका परमिटवर भागत नाही.

अर्ज ऑनलाइन करायचा. त्यात जातीचं शास्त्रीय नाव, मुंग्या कुठून येणार, कुठे ठेवणार आणि निसटू नयेत म्हणून काय सोय केली आहे, हे लिहायचं. 'काळ्या मुंग्या' एवढं लिहून चालत नाही. अर्ज त्या राज्याच्या कृषी खात्याकडेही मताला जातो. हौशी माणसाला राणीसाठी होकार मिळणं अवघडच. राणीविना वसाहत वाढत नाही, त्यामुळे नुसत्या कामकरी निसटल्या तरी पसरत नाहीत; म्हणूनच मुलांच्या 'अँट फार्म'साठी (मुंग्या बघायच्या पारदर्शक पेटीसाठी) कंपन्या फक्त हार्वेस्टर, म्हणजे बिया गोळा करणाऱ्या जातीच्या, कामकरी मुंग्या धाडतात. तांबड्या फायर अँट या डंख मारणाऱ्या उपद्रवी मुंगीचं क्वारंटाइन, म्हणजे ती पसरू नये म्हणून घातलेले निर्बंध, वेगळंच; त्या फंदात पडू नका.

राज्याच्या आतल्या आत हे परमिट लागत नाही, पण राज्याचे नियम आधी बघा. आणि पाठवताना राणीच्या टेस्ट ट्यूबमध्ये कापसाच्या बोळ्यामागे पाण्याचा साठा ठेवू नका. हिसक्यांनी कापूस सरकतो नि राणी बुडते. ओलसर कापसाचा बोळा पुरतो. उन्हाळ्यात शुक्रवारी पार्सल टाकू नका, शनिवार-रविवार गोदामात भाजून निघेल.