फुटबॉल मागे राहिले, त्याला क्रिकेट जबाबदार?

मध्यरेषा : ‘१९८३ चा क्रिकेटचा विश्वचषक आपण जिंकला नसता, तर भारतात आज फुटबॉल फोफावले असते’, हे श्री. रोव्हर्सप्रेमी यांचे विधान इतक्यांनी उचलून धरले आहे की उत्तर लिहिणे भाग पडले. आशियाई स्पर्धांतील आपले शेवटचे सुवर्ण १९६२ चे, जकार्ताचे. शेवटचे पदक १९७० चे कांस्य. म्हणजे कपिल देव यांनी लॉर्ड्सवर चषक उचलला, तेव्हा आपल्या फुटबॉलची घसरण होऊन एक तप उलटले होते. १९६३ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीम वारले आणि त्यांच्यामागे कोणतीही व्यवस्था उरली नाही, यात क्रिकेटचा काय दोष?

रोव्हर्सप्रेमी : व्यवस्थेला पैसा लागतो आणि तो सगळा क्रिकेटकडे गेला, एवढी साधी गोष्ट आपल्याला मान्य नसेल तर वाद कशाला घालावा? १९५० च्या विश्वचषकालाही आपला संघ अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळेच मुकला. बुटांना पैसे नव्हते.

मध्यरेषा : ही दंतकथा कृपया आता तरी पुरे करावी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सकडून २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी दवडून. त्यांच्याकडे बूट नव्हते असे नाही, त्यांना ते घालून खेळायची सवय नव्हती. भारतीय फुटबॉल महासंघाने १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला न जाण्यासाठी सरावाचा अभाव आणि संघनिवडीतील मतभेद अशी कारणे दिली, पण खरे तर त्या काळच्या पदाधिकाऱ्यांना ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाची मातब्बरीच वाटत नव्हती. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा कुठे बुटांची सक्ती झाली.

रोव्हर्सप्रेमी : आपण तेव्हा महासंघाच्या बैठकीत चहा देत होता काय? आमच्या वडिलांनी मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे फुटबॉल सामने पाहिले आहेत आणि हा अनवाणी प्रसंग आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला आहे.

पेठेतला बॅक : वडिलांचा मान राखूनही, ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. दोघेही सत्तर वर्षांमागे अडकलेले आहात म्हणून आजचे सांगतो. लोकप्रियता नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना पाहावा; तालमींचे फुटबॉल क्रिकेटला विचारून चालत नाही. अडते ते पुढे. माझा भाचा डाव्या बगलेवर उत्तम खेळत असे, पण त्याच्या शाळेने ऐन हंगामात मैदान लग्नांना भाड्याने दिले आणि मंडपवाल्याने गोलच्या आडव्या दांड्यावर ओल्या कनाती वाळत घातल्या. वर्षभर नियमित सामनेच नसतील तर मुलगा घडणार कुठे?

मध्यरेषा : नेमके हेच. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली, झगमगाट आला, मात्र खालच्या लीगमधील विजेत्याला खेळाच्या जोरावर वर येण्याचा मार्ग पंजाबच्या संघामुळे थेट २०२३ मध्ये प्रत्यक्षात उघडला. त्यातही गोल करण्याची जागा बहुतेक संघांनी परदेशी खेळाडूंना दिली. मग भारताकडून गोल करणाऱ्या सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न पडल्याचे नवल ते काय?

रोव्हर्सप्रेमी : ठीक आहे, बुटांचा मुद्दा आपल्याला बहाल केला, घरी नेऊन पॉलिश करावा. मात्र शाळेचे ते मैदान क्रिकेटचे असते तर त्याच्या खेळपट्टीवर मंडपाचा खांब रोवायची कुणाची छाती झाली असती का, याचे उत्तर पेठेतल्या बॅकनी द्यावे.

पेठेतला बॅक : झाली नसती. एवढे मान्य.