किनाऱ्यावर मॉनिटर घेताना: सगळं एका टाइप-सी केबलवर, की वेगळे पोर्ट आणि वेगळा अ‍ॅडॉप्टर?

खारावारा, वेंगुर्ले:
मॉनिटर घ्यायला गेलं की सगळे पडद्याचंच विचारतात. किती इंच, किती हर्ट्झ, कडा किती बारीक. माझं म्हणणं, आपल्याकडे आधी मागची बाजू बघा.

बंदराजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. मागच्या श्रावणात सकाळी एक मॉनिटर लावला तर अख्खा पडदा पिवळा. व्हीजीएचा, म्हणजे चित्र नेणाऱ्या जुन्या स्क्रूवाल्या केबलीचा, प्लग काढून बघितला, पिनांवर हिरवट थर चढलेला. त्या 15 पिनांतल्या पहिल्या तीन लाल, हिरवा, निळा रंग नेतात. निळ्याची पिन खाऱ्या हवेने धरली, उरलेल्या दोन रंगांचं पिवळं झालं. वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि काम झालं.

दुसऱ्या मॉनिटरला पॉवर सप्लाय आतच होता. जूनच्या पहिल्या पावसात लाईट ये-जा करताना तो गेला. आतला बोर्ड मिळेना, महिनाभर मॉनिटर कोपऱ्यात पडून. तिसऱ्याचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बाहेर होता, तोही असाच जळला, पण संध्याकाळी नवा लावून मी पत्रिका छापत होतो.

म्हणून वेगळा अ‍ॅडॉप्टर आणि किमान दोन जातींचे पोर्ट, म्हणजे केबल लावायची तोंडं, हवेतच. चित्र, चार्जिंग, कीबोर्ड सगळं एका टाइप-सीवर टांगलं आणि तेच धरलं, तर दुकान बंद.

दीपगृह, देवगड:
माका ह्यां पटणा नाय. दादा, तुम्हीच सांगताय की जोड गंजतात, मग जोड कमी करायचे की वाढवायचे? माझ्या टेबलावर पूर्वी लॅपटॉपचा चार्जर, चित्राची एचडीएमआय केबल, कीबोर्ड आणि माउस अशी चार टोकं होती. आता मॉनिटरमधून एक टाइप-सी येते. तीच 65 वॉटने लॅपटॉप चार्ज करते, तीच चित्र नेते. पुसायचं ते एकच टोक.

आणि व्हीजीए 1987 चं आहे. इंटेल आणि एएमडीने 2010 मध्येच जाहीर केलं होतं की 2015 पर्यंत आम्ही ते सोडणार. आपण अजून किती वर्षं ते स्क्रू पिळत बसायचं?

जोडाक्षर, रत्नागिरी:
मी प्रूफं वाचते, दिवसाचे आठ तास मराठी मजकूर समोर असतो. पोर्टवर भांडण्याआधी अक्षराचं बघा. 27 इंचांवर 1920 × 1080 ठिपक्यांचा पडदा घेतला तर एका इंचात जेमतेम 82 ठिपके येतात. 24 इंचांवर तेच 92 होतात, आणि 27 इंच 2560 × 1440 असेल तर 109. इंग्रजीला 82 चालून जातात. आपल्याला ते पुरत नाहीत. एका देवळाच्या पत्रिकेत ‘प्रतिष्ठापना’चं ‘प्रतिष्टापना’ झालेलं माझ्या नजरेतून सुटलं होतं, कारण लहान टायपात ष्ट आणि ष्ठ मला सारखेच दिसले. पत्रिका वाटल्या गेल्या. ती चूक मला अजून लागते. त्यात व्हीजीए अ‍ॅनालॉग, लांब किंवा हलकी केबल असेल तर रफार आणि अनुस्वार आणखी पुसट. व्हीजीएच्या बाबतीत मी दीपगृहांच्या बाजूने.

खारावारा, वेंगुर्ले:
ताई, अक्षराचं पटलं. व्हीजीए रोजच्या कामाला नको, हे मान्य.

पण दीपगृह, टाइप-सीच्या एवढ्याशा तोंडात 24 पिना आहेत आणि लॅपटॉपच्या बाजूचं ते तोंड बोर्डालाच डाग देऊन बसवलेलं असतं. ते खराब झालं तर केबल बदलून भागत नाही. शिवाय सगळी टाइप-सी तोंडं दिसायला सारखी, पण चित्र सगळ्यांतून येत नाही. त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच तोंडातून चित्र पाठवायची सोय, लागतो. फोनची चार्जिंगची केबल लावून ‘मॉनिटर बिघडला’ म्हणत माणसं माझ्याकडे येतात. त्या केबलीत बहुतेक वेळा चित्र नेणाऱ्या तारा नसतातच.

कातळसडा, गुहागर:
एचडीएमआय घेणाऱ्यांनीही आवृत्ती बघावी. 1.4 वर 4के (3840 × 2160) चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, माउसचा बाण अडखळत सरकतो. 60 साठी 2.0 हवं. आणि पावसाळ्यात मॉनिटरला प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ओल आतच कोंडते. रोज तासभर चालू ठेवा, त्याच्या उबेने आतून कोरडा राहतो.

दीपगृह, देवगड:
अ‍ॅडॉप्टर वेगळा हवा, हे मी घेतलं. केबलचंही खरं, मॉनिटरच्या खोक्यात आली तीच वापरावी. पण 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईट नव्हती, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. माझा पंधरा इंची पोर्टेबल पडदा लॅपटॉपच्याच विजेवर चालला, त्याच एका केबलीवर. वाडीतल्या जनरेटरवर फक्त लॅपटॉप चार्ज करून आणायचो. दोन जातींच्या पोर्टांनी तेव्हा काय केलं असतं?

खारावारा, वेंगुर्ले:
वादळात काहीच केलं नसतं. तसा पोर्टेबल पडदा घरी असावा, हे तुमचं बरोबर. दुकानासाठी मात्र मी गणपतीआधी 27 इंची 1440 चा घेतोय: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट (चित्राचंच दुसऱ्या जातीचं तोंड) आणि अ‍ॅडॉप्टर बाहेर. टाइप-सी असली तर असू दे, पण दुकान तिच्यावर चालणार नाही.