साडेतीननंतर सगळी बालवाडी? थॅको मास्तरांना उत्तर

हरिपूर_रोड
काल थॅको मास्तरांनी इथं लिहिलं की डी अँड डी, म्हणजे आपलं फासे टाकून पात्रं रंगवायचं खेळणं, २००३ च्या साडेतीन आवृत्तीबरोबरच संपलं, पुढची सगळी बालवाडी, आणि २०२४ च्या पुस्तकानं डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) नुसता कारकून करून टाकला. खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

मास्तर, ज्या थॅकोवरून नाव घेतलंत तोच बघा: चिलखताचा आकडा (एसी) शून्य असलेल्याला वार लागायला फाशावर हवा तो आकडा. थॅको १७, समोरच्याचा एसी ३, म्हणजे १४ पडायला हवेत. एसी उणे २ असला की १९. चिलखत भारी तसा आकडा खाली, आणि दर वाराला तोंडी वजाबाकी. २००० साली तिसरीनं ते उलटं केलं: वीसचा फासा टाक, बोनस मिळव, एसी गाठला की लागला. खेळातलं गेलं काय? वजाबाकी.

दर आवृत्तीत खरा झगडा एकच असतो, निकाल कुणी द्यायचा, डीएमनं की पुस्तकानं. १९७४ च्या त्या तीन पातळ पुस्तिकांत निम्मं डीएमच्या डोक्यावर. साडेतीनमध्ये नुसतं कुणाला कवेत धरायचं तर चार पायऱ्या. तालमीत वाढलेली आमची पोरं ग्रॅपल म्हटलं की चहाला उठायची! २००८ ला चौथीनं सगळ्यांना मोजून-मापून पॉवर (ठरीव चाली) वाटल्या. २०१४ ला पाचवीनं परत डीएमवर सोडलं: परिस्थिती बाजूनं असेल तर दोन फासे टाकून मोठा घे, विरुद्ध असेल तर लहान. २०२४ ला थोडं पुस्तकाकडं सरकलं, एवढंच. साडेतीनपेक्षा ते कमीच आहे, आणि साडेतीन तर तुमची लाडकी.

थॅको_मास्तर
भाषण झालं का? आता लपायचं बोलू. खांबामागं रोग (चोरटं पात्र) लपला तर आधी मी बघायचो: उजेड किती, पहारेकरी पेंगतोय की डोळ्यांत तेल घालून बसलाय. आता? १५ चा स्टेल्थ (लपायचा फासा), विषय संपला. मग मी टेबलाच्या त्या टोकाला बसतो कशाला?

शिवाय माझ्या पुतण्याचा हाफ-ऑर्क (अर्धमानवी जातीचं पात्र). नव्या प्लेअर्स हँडबुकात हाफ-ऑर्क नाही, हाफ-एल्फ नाही. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून पात्रं काढायची हे आमच्या वेळी नव्हतं.

कंदी_पेढा
साताऱ्याहून हात जोडून विनंती, "आमच्या वेळी" म्हणण्याआधी जरा तारखा बघत चला. १९८९ ची दुसरी आवृत्ती, म्हणजे तुमच्या थॅकोचं माहेर. तिच्या प्लेअर्स हँडबुकातून हाफ-ऑर्क काढला होता, असॅसिन (मारेकरी) काढला होता, आणि तेव्हाच्या पालकांच्या ओरड्यामुळं डीमन-डेव्हिलांची नावं बदलून तानारी आणि बाटेझू ठेवली होती. घाबरून बदल करायची चाल तुमच्याच काळातली.

आणि लपायच्या नियमाची पुढची ओळ वाचा. तुमची स्टेल्थची बेरीज हाच पहारेकऱ्यानं हुडकताना (पर्सेप्शन) गाठायचा आकडा होतो. पेंगणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान) द्यायला कुणी हात धरलाय का?

मिरज_जंक्शन
नियम जाऊ द्या हो, पैशाचं कोण बोलणार? तिसरीची तीन पुस्तकं मी पहिल्या पगारातून पुण्याहून घेतली, एसटीत मांडीवर ठेवून आणली. घरी सांगितलं, ऑफिसची आहेत. तीन वर्षांत साडेतीन आली. परत तीच तीन! २००८ ला परत, २०१४ ला परत. आवृत्ती खेळासाठी निघत नाही, आपल्या खिशासाठी निघते.

आयर्विन_पूल
तुमची निदान आहेत तरी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर. तांदूळ, गॅसची टाकी, आजीची औषधं वर नेली, पुस्तकं खालच्या फळीवरच राहिली. तो गुळगुळीत कागद भिजला की पानं एकमेकांना धरतात, पंख्याखाली वाळवली तरी सुटत नाहीत. माझ्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले सगळे ड्रॅगन आता एकच जाड पुठ्ठा आहेत. तेव्हापासून मी पीडीएफवर. कुणी अक्कल शिकवू नये.

मिरज_जंक्शन
पुराचं वाईट वाटलं, खरंच. पण फुकटातल्या पीडीएफनं खेळायचं आणि वर आवृत्त्यांवर मतं द्यायची, हे काय?

आयर्विन_पूल
फुकटातल्या कोण म्हणालं? तुम्ही माझं बिल बघितलंय का?

कंदी_पेढा
भांडू नका. मूळ नियम फुकटच मिळतात, अधिकृत. २०१४ ला बेसिक रूल्स दिलेच होते. २०२३ च्या जानेवारीत इतरांना हे नियम वापरू देणारं जुनं लायसन्स मोडायचा कंपनीचा डाव फुटला, बोंबाबोंब झाली, आणि महिना संपायच्या आत तिनं ५.१ चा एसआरडी (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्समध्ये टाकला. तो आता कुणाला परत घेता येत नाही. नाहीतर पाथफाइंडर हा तसलाच दुसरा खेळ खेळा, त्याचे सगळे नियम नेटवर मोफत आहेत.

मिरज_जंक्शन
नेटवरचं वाचून डोळे जातात. पुस्तक हातात लागतं.

आयर्विन_पूल
मग परत घ्या आणि परत रडा.

स्माइट_हवाच
मूळ विषयावर येऊ का? माझा पॅलाडिन (देवाचा योद्धा) मारला २०२४ च्या पुस्तकानं. २०१४ मध्ये वार लागला की मग ठरवायचं, क्रिट (फाशावर वीस) पडला की स्माइट (देवाच्या कोपाचा जादा मार) ओतायचा, दोन वार तर दोन स्माइट. आता तो स्पेल (मंत्र) केलाय, बोनस अ‍ॅक्शन खातो, म्हणजे एका टर्नला एकच. तोंडानं म्हणावा लागतो, म्हणून सायलेन्समध्ये बंद, आणि समोरचा काउंटरस्पेल टाकून उडवतो. देवाचा कोप काउंटर होतो, कमाल आहे.

थॅको_मास्तर
कंदी पेढेवाल्यांचं १९८९ मान्य. लिहून घ्या, फ्रेम करा, मोती चौकात लावा. तरीही साडेतीनच खेळणार. चार पायऱ्या तर चार पायऱ्या, पाठ आहेत मला.

हरिपूर_रोड
पाठ आहेत म्हणूनच ती आवडते, मास्तर. माझं म्हणणं तेवढंच होतं.

थॅको_मास्तर
तुमचं म्हणणं "तेवढंच" होतं तर तेवढंच लिहायचं. रविवारी विश्रामबागेत टेबल आहे, साडेतीनचं. हाफ-ऑर्क चालेल. यायचं तर या, फासे आपापले आणा, मोबाइलवरचे चालणार नाहीत.

मिरज_जंक्शन
आणि पुस्तकं?

आयर्विन_पूल
तुमचीच आणा की, मांडीवर ठेवून.

स्माइट_हवाच
माझ्या स्माइटचं कुणी बोलणार आहे का?

कंदी_पेढा
नाही.