मदत हवी आहे : असोसिएशनतर्फे रस्ता-लाइटचा विषय सरकारदरबारी कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी, ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे, शीट मेटलचे पार्ट बनवतो, आता आजूबाजूचे गाळेवाले मिळून असोसिएशन काढतोय. १९६२ साली एमआयडीसीची (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची) सुरुवात झाली ती याच भागातून, आणि आज आमच्या गल्लीत टेम्पो धड वळत नाही हो. पावसाळ्यात गेटसमोरच गाडीचं चाक खड्ड्यात गेलं, ताडपत्री सरकली, खोके भिजले, पार्टना गंज धरला आणि पार्टीने अख्खा लॉट परत पाठवला. सेकंड शिफ्टच्या बायका मोबाईलचा टॉर्च लावून बसस्टॉपपर्यंत जातात, ते बघवत नाही. एकेकट्याने अर्ज देऊन झाले, सगळीकडे एकच उत्तर, हे आमच्याकडे येत नाही.

उद्योगांच्या अडचणी ऐकायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची मीटिंग होते, तिथे विषय घ्यायला लावायचा तर जिल्हा उद्योग केंद्रात नुसतं पत्र पुरतं का, की सोबत फोटो, नकाशा, किती कामगार, किती टॅक्स भरतो असं सगळं जोडावं? आणि महापालिकेचं बजेट १ एप्रिलपासूनचं, मग त्यात काम धरायचं तर साधारण कुठल्या महिन्यात मागे लागावं? माझ्या मते नुसती तक्रार नेण्यापेक्षा रस्ता झाला तर इथे किती पोरांना काम मिळेल हे दाखवलं तर जास्त ऐकतील.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा इथे कोणी असोसिएशनचं काम केलं असेल तर प्लीज सांगा, निवेदनाचा नमुना असला तर फारच बरं होईल, रविवारी आमची पहिली मीटिंग आहे.