मदत हवी आहे: अमेरिकेच्या अर्जात मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणता भरावा?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. माझी भाची बारावी सायन्सला आहे. अमेरिकेत बी.एस.साठी अर्ज करायचेत. तिला कॉम्प्युटर सायन्सच हवंय. पण इथल्या एका सल्लागाराने सांगितलं, "कॉम्प्युटरला गर्दी फार, स्टॅटिस्टिक्स भरा, तिथे गेल्यावर बदलून घ्या."

हे मला पटत नाहीये. आपल्या कॅप राउंडमध्ये सीईटीचा नंबर बघून ब्रँच मिळते, तसं तिथे नाही. एमआयटीत मेजर पहिल्या वर्षानंतर ठरवतात, तिथे अर्जात काय लिहिलं याने फारसं बिघडत नाही. पण इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा वॉशिंग्टन विद्यापीठात (सिॲटलचं) कॉम्प्युटरचा प्रवेश वेगळा असतो आणि नंतर त्यात शिरणं फार अवघड. मग पोरगी चार वर्षं नको त्या विषयात अडकायची!

दुसरं असं, की ती दर पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग वहीत टिपते. त्यावरून पाणी 45 फुटांच्या धोका पातळीला कधी पोचेल, याचा अंदाज काढणारा छोटा प्रोग्रॅम तिने पायथॉनमध्ये लिहिलाय. हे काम कॉम्प्युटरच्या अर्जात जास्त उठून दिसेल, की स्टॅटिस्टिक्स, पर्यावरण अभियांत्रिकीच्या?

इलिनॉयला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स असा जोड मेजरही आहे. तो कुणी घेतलाय का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात पर्यायी मेजर विचारतात, त्याचा खरंच विचार होतो का? ज्यांची मुलं गेल्या एक-दोन वर्षांत गेलीत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.