मदत हवी आहे : जिवंत पेशीतली हालचाल मुलांना कशी दाखवू?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. परवा कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड केली, आयोडीनचा थेंब टाकला. पेशीभित्तिका, केंद्रक सगळं स्वच्छ दिसलं. मुलं खूश. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, ही पेशी जिवंत आहे का? काही करताना तर दिसत नाही." खरं आहे, आयोडीनने पेशी मरतेच. तिचा प्रश्न मनातून जात नाहीये.

मग लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा घेतला, रंग न घालता, आणि मिठाचं पाणी सोडलं. परासरणाने (पातळ पटलातून पाणी खारट बाजूकडे जातं, त्याने) पेशीतलं पाणी बाहेर गेलं, जांभळी रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) आक्रसली, प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण) भित्तिकेपासून सुटलं. फार सुंदर दिसतं ते! पण नंतर साधं पाणी घातलं तरी बऱ्याच पेशी पुन्हा फुगल्या नाहीत. मीठ जास्त झालं असेल का? तुम्ही १०० मिली पाण्यात किती ग्रॅम घेता, किती मिनिटं ठेवता?

दुसरं, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) पेशीद्रव्याबरोबर गोल फिरतात. तळ्यातून आणून पाहिलं, लवकं ठळक दिसली पण जागची हलेनात. पाणी गार होतं, वर्गात उजेडही कमी. आधी थोडा वेळ दिव्याखाली, कोमट पाण्यात ठेवावं का? सूक्ष्मदर्शकाला ४५ पटींपर्यंतचंच वस्तुभिंग (स्लाइडजवळचं भिंग) आहे.

कुणी शाळेत स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. त्या मुलीला पुढच्या आठवड्यात दाखवीन म्हटलंय.