मदत हवी आहे: २५ जणांसाठी व्हेज चिली

मंडळी, शनिवारी मुलाच्या सॉकर टीमचं पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) आहे आणि उत्साहाच्या भरात मी व्हेज चिली (इथला दाट, मसालेदार रस्सा, एरवी मांस घालून करतात) आणते असं सांगून बसलेय! माणसं २५, त्यात निम्मी मुलं. इथे टेक्सासमधले जुने लोक चिलीत बीन्स घालणं म्हणजे पापच समजतात, पण मांस नको म्हटल्यावर दुसरं घालणार काय? राजमा आणि काळे बीन्स रात्रभर भिजवून कुकरला लावेन, मग स्लो कुकरमध्ये. (राजमा कच्चाच स्लो कुकरमध्ये टाकू नका हं, पोट बिघडतं. आधी खळखळून उकळावाच लागतो.)

कोरडे बीन्स दीड किलो पुरतील का? आणि जिरं, ओरेगॅनो सगळं घालूनही माझी चिली दरवेळी घरच्या राजम्यासारखीच लागते. कोको पावडरने फरक पडतो का? कुणी घालून पाहिलीय?